यकृताची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया : सर्जनला नेमके काय विचारावे?

वाचकाचे पत्र

"सप्रेम नमस्कार. आम्ही ऐरोलीला राहतो. माझे वडील 64 वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी त्यांची पोट उघडून शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर केमोथेरपीही झाली. गेल्या महिन्यात रक्तातील सीईए (कर्करोगाची खूण सांगणारी तपासणी) वाढलेले आढळले आणि सीटी स्कॅनमध्ये यकृताच्या सातव्या सेगमेंटमध्ये 4 सेंटीमीटरची एकच गाठ दिसली. ठाण्यातील सर्जन म्हणतात, दुर्बिणीतून काढू, चार-पाच छिद्रे पडतील, चौथ्या दिवशी घरी. मुंबईतील सर्जनांनी मात्र फिल्म पाहताच 'पोट उघडूनच करावे लागेल' असे सांगितले. पुण्याचे भाऊजी रोबोटचे व्हिडिओ पाठवत असतात. बाबांनी पहिल्या टाक्यांचा इतका धसका घेतला आहे की दुर्बीण नसेल तर ऑपरेशनच नको, असे ते म्हणतात. दुर्बिणीवाले डॉक्टर अधिक अद्ययावत समजायचे का? आणि 'तुम्ही अशी किती ऑपरेशने केली आहेत?' असे विचारले तर डॉक्टर दुखावणार नाहीत का?"
— एक वाचक भगिनी, ऐरोली

उत्तर

सप्रेम नमस्कार. आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण बाकीची उत्तरे त्यावरच अवलंबून आहेत. जरूर विचारा. डॉक्टर दुखावले, तर तेही एक उत्तरच समजा. जो सर्जन ही शस्त्रक्रिया नियमितपणे करतो, त्याच्याजवळ आपल्या रुग्णांची नोंद असते, आणि ती सांगताना त्याला संकोच वाटण्याचे कारण नसते.

मी सर्जन नव्हे. भूलतज्ज्ञ म्हणून माझी सारी नोकरी ऑपरेशन टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला गेली, आणि त्या जागेवरून एकच शस्त्रक्रिया वेगवेगळ्या हातांत किती वेगवेगळी होते, हे फार स्पष्ट दिसते. त्यामुळे माझे मत थोडे एका बाजूला झुकलेले असेल, हे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

प्रथम गाठीच्या जागेविषयी, कारण आपल्या घरातील वादात तिचा उल्लेख कोणी केलेला दिसत नाही. क्लोद क्विनो या फ्रेंच शरीररचनातज्ज्ञाने 1950च्या दशकात यकृताची आठ सेगमेंटमध्ये विभागणी केली आणि आजही सर्जन त्याच क्रमांकांत बोलतात. दुसरे व तिसरे सेगमेंट डाव्या कडेला, पुढे आणि उथळ असतात. तेथील गाठ दुर्बिणीतून काढणे हे आता अनुभवी केंद्रांत रोजचे काम झाले आहे. सातवे सेगमेंट उजवीकडे, वरच्या बाजूला, थेट पाठीमागे आणि बरगड्यांच्या आड श्वासपटलाला टेकलेले असते, आणि उजवी यकृतशिरा तेथून जवळच महानीलेत (हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेत) उतरते. दुर्बिणीची सरळ, लांब अवजारे तेथे नीट पोहोचत नाहीत, म्हणून रुग्णाला डाव्या कुशीवर वळवावे लागते, संपूर्ण उजवे यकृत सुटे करून पुढे ओढावे लागते, तर काही सर्जन बरगड्यांच्या मधूनही छिद्र घेतात. नवी मुंबईच्या सरळ, रुंद पामबीच रोडवर रोज गाडी चालवणाऱ्याला पावसाळ्यात माळशेज घाटात चालवता येईलच असे नाही. दुसऱ्या आणि सातव्या सेगमेंटमधील फरक तसाच आहे, जरी बिलावर दोन्हींचे नाव 'लॅप्रोस्कोपिक लिव्हर रिसेक्शन' हेच छापले जाते.

2008 साली अमेरिकेतील लुईव्हिल येथे जगभरातील यकृतसर्जन एकत्र बसले. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी सर्वांत योग्य रुग्ण म्हणून त्यांनी एकच गाठ, 5 सेंटीमीटरपर्यंत आणि दोन ते सहा या सेगमेंटमधील, अशी मर्यादा सांगितली. 2014 साली जपानमधील मोरिओका येथे पुन्हा विचार झाला. तेव्हा यकृताचा लहान भाग दुर्बिणीतून काढणे ही रूढ पद्धत मानली गेली, पण मोठा भाग काढण्याची शस्त्रक्रिया अजून पारखून घेण्याच्या टप्प्यावर आहे, असे म्हटले गेले. त्यानंतर तंत्र बरेच पुढे गेले असून सातव्या-आठव्या सेगमेंटच्या गाठीही दुर्बिणीतून निघतात, पण त्या निवडक हातांत. तेव्हा आपल्या वडिलांच्या फिल्म पाहून 'पोट उघडूनच' म्हणणारे सर्जन मागासलेले आहेत, असा अर्थ काढू नये. ते स्वतःच्या अनुभवाची मर्यादा ओळखून बोलत असतील, किंवा ती गाठ शिरेच्या किती जवळ आहे हे त्यांच्या नजरेने टिपले असेल. यांपैकी कोणते, हे त्यांनाच विचारावे.

आता दुर्बिणीचा फायदा खरा आहे का? आहे, आणि तो नीट मोजलेला आहे. नॉर्वेतील ऑस्लो येथे आपल्या वडिलांसारख्याच, म्हणजे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची गाठ यकृतात आलेल्या 280 रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी करून अभ्यास झाला आणि 2018 साली त्याचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दुर्बिणीच्या गटात शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत 19 टक्के रुग्णांत, तर पोट उघडलेल्या गटात 31 टक्के रुग्णांत झाली. रुग्णालयातील मुक्काम पहिल्या गटात साधारण 53 तासांचा, तर दुसऱ्यात 96 तासांचा होता. पाच वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण मात्र अनुक्रमे 54 आणि 55 टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच निघाले.

या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. कर्करोगाच्या दृष्टीने दोन्ही मार्ग सारखे आहेत, म्हणून 'पोट उघडले तर आजार पसरेल' किंवा 'दुर्बिणीतून गाठ अर्धवट राहील' या दोन्ही भीती, शस्त्रक्रिया नीट झाली असेल तर, निराधार आहेत. दुसरी गोष्ट अशी की, हा अभ्यास एकाच रुग्णालयात झाला, आणि तेथील सर्जन अभ्यास सुरू होण्यापूर्वीच अनेक वर्षे ही शस्त्रक्रिया करत होते. 19 टक्के हा आकडा त्या हातांचा आहे. दुर्बीण विकत घेतली की तो आकडा खोक्यातून बाहेर पडत नाही, आणि जाहिरातीच्या पत्रकावर तो छापला जातो तेव्हा हे कोणी सांगत नाही.

अनुभवाने किती फरक पडतो, याचीही मोजणी झालेली आहे. पॅरिसजवळच्या क्रेतेय येथील एका जुन्या, नावाजलेल्या केंद्राने 1996 ते 2008 या काळातील आपले 174 रुग्ण क्रमाने 58-58 च्या तीन गटांत मांडले. पहिल्या गटात दुर्बीण सोडून पोट उघडण्याची वेळ 15.5 टक्के रुग्णांवर आली, दुसऱ्यात 10.3 टक्के आणि तिसऱ्यात 3.4 टक्के. हात बसायला साधारण 60 शस्त्रक्रिया लागतात, असा त्यांचा हिशेब निघाला. यकृताचा अर्धा भाग दुर्बिणीतून काढण्याविषयी इंग्लंडमधील एका केंद्राने 55 हा आकडा दिला, आणि तोही लहान शस्त्रक्रियांवर आधी हात बसल्यानंतरचा. नव्या पिढीला शिकवायला आता गुरू आहेत, त्यामुळे पहिल्यांनी रुग्णांच्या जिवावर जे शिकले ते सारे दुसऱ्यांना त्याच किमतीत शिकावे लागत नाही, हेही खरे. तरी ती पायरी कोणालाच चुकत नाही. जपानमधील एका विद्यापीठ रुग्णालयात 2010 ते 2014 या काळात दुर्बिणीच्या यकृतशस्त्रक्रियेनंतर एकाच सर्जनचे आठ रुग्ण दगावल्याचे उघड झाले, तेव्हा तो देश हादरला. त्यानंतर तेथे अशा शस्त्रक्रियांची नोंद ऑपरेशन होण्याआधीच एका सामायिक नोंदवहीत करण्याची पद्धत सुरू झाली, जेणेकरून वाईट निकाल मागाहून गाळता येऊ नयेत.

टेबलाच्या डोक्याकडून हा फरक कसा दिसतो, ते थोडे सांगते. यकृत कापताना रक्तस्राव कमी व्हावा म्हणून आम्ही रुग्णाला सलाईन हात राखून देतो आणि मोठ्या शिरांतील दाब मुद्दाम कमी ठेवतो. यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांभोवती सर्जनने एक फीत आधीच अडकवून ठेवलेली असते. ती आवळली की सिस्टर घड्याळ लावते आणि पंधरा मिनिटे झाली की मोठ्याने सांगते. मग पाच मिनिटे सैल, पुन्हा पंधरा मिनिटे. 1908 साली ग्लासगोच्या प्रिंगल नावाच्या सर्जनने सुचवलेली ही युक्ती अजूनही तितकीच कामाची आहे. पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या दाबामुळे बारीक शिरांतून झिरपणारे रक्त कमी होते, हा दुर्बिणीचा मोठा गुण. पण मोठी शीर फाटली तर तोच वायू रक्तात शिरून हृदयापर्यंत जाऊ शकतो, आणि माझ्या पडद्यावर श्वासातील कार्बन डायऑक्साइडची रेषा अचानक खाली येते. अनुभवी सर्जन अशा वेळी आवाज चढवत नाही. तो त्या जागी कापसाची पट्टी दाबून धरतो, मला विचारतो, थांबतो, आणि टाका घेता येण्यासारखा नसेल तर फार काळ झगडत न बसता पोट उघडतो. त्याच्या ऑपरेशन थिएटरमध्ये पोट उघडण्याच्या अवजारांचा ट्रे सुरुवातीपासूनच मोजून, झाकून, हाताशी ठेवलेला असतो. नवख्याच्या थिएटरमध्ये तो ट्रे आणायला कोणीतरी धावते, आणि तेवढ्या वेळात सक्शनची बाटली भरलेली असते.

म्हणून 'तुम्ही किती केल्या?' हा प्रश्न पुरेसा नाही; तो मोघम विचारला तर उत्तरही मोघमच मिळते. 'हजारो लॅप्रोस्कोपी केल्या आहेत' हे वाक्य आपण ऐकालच. त्यांतील बहुतेक पित्ताशयाच्या, हर्नियाच्या आणि अपेंडिक्सच्या असतात. त्यांचे कौशल्य खरे, पण ते यकृताचे नव्हे. विचारायचे ते असे : यकृताचा भाग दुर्बिणीतून काढण्याच्या शस्त्रक्रिया आपण एकूण किती केल्या आणि गेल्या वर्षभरात किती, त्यांत सातव्या-आठव्या सेगमेंटच्या, वरच्या-मागच्या बाजूच्या गाठी किती होत्या, आणि बाबांची शस्त्रक्रिया आपण स्वतः करणार की बाहेरून येणारे सर्जन करून जाणार? शेवटचा भाग आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. ठाणे-नवी मुंबईत अनेक रुग्णालयांत नावाजलेले सर्जन ठरल्या दिवशी येतात, उत्तम काम करतात आणि संध्याकाळी परत जातात. त्यात वावगे काही नाही, परंतु रात्री दोन वाजता रक्तदाब घसरला तर रुग्णाजवळ कोण असेल, हे आधी ठाऊक असलेले बरे.

त्यानंतर दुर्बीण सोडून पोट उघडावे लागण्याचे प्रमाण विचारा. 'आजवर एकदाही नाही' या उत्तराने मी तरी निश्चिंत होणार नाही. एकतर ते फक्त सोप्या गाठी घेतात, किंवा थांबायच्या वेळी थांबत नाहीत. पोट उघडणे हा पराभव नसतो. ते विचारपूर्वक, वेळेवर झाले तर रुग्णाचे फारसे नुकसान होत नाही. रक्तस्रावामुळे घाईत उघडावे लागले तर मात्र पुढचा प्रवास अवघड जातो. पुढे विचारा, नव्वद दिवसांत दगावलेले रुग्ण किती, पित्त गळण्याचा त्रास किती जणांना झाला, पुन्हा टेबलावर घ्यावे लागलेले किती. तीस दिवसांचा आकडा पुरत नाही, कारण यकृत निकामी होऊन होणारे मृत्यू पुष्कळदा त्यानंतर होतात. जगातील अनुभवी केंद्रांचे सुमारे साडेनऊ हजार रुग्ण एकत्र मांडले असता मृत्यूचे प्रमाण 0.4 टक्के भरले होते. पण त्यांत सोप्या गाठी पुष्कळ होत्या, म्हणून ते माप आपल्या वडिलांना जसेच्या तसे लावू नये.

एक प्रश्न मात्र वाचकांपैकी कोणी विचारल्याचे मला आठवत नाही, आणि आपल्या वडिलांसाठी कदाचित तोच सर्वांत मोलाचा ठरेल : दोन्ही पद्धतींत यकृताचा नेमका किती भाग निघणार? सातव्या सेगमेंटची गाठ दुर्बिणीतून तेवढीच कोरून काढणे अवघड असल्यामुळे काही ठिकाणी संपूर्ण उजवा भाग काढण्याचा बेत केला जातो, कारण तंत्राच्या दृष्टीने ती सरळ रेषा असते. पण उजवा भाग म्हणजे यकृताचा साधारण साठ ते सत्तर टक्के हिस्सा. केमोथेरपी झालेल्या यकृताचा निदान 30 टक्के भाग शिल्लक राहावा, असा दंडक आहे. शिवाय या आजारात यकृतात पुन्हा गाठ येण्याचा संभव बराच असतो, आणि तेव्हा पुन्हा शस्त्रक्रिया करायची तर यकृत शिल्लक असायला हवे. छोट्या छिद्रांसाठी मोठे यकृत देणे हा माझ्या मते तोट्याचा सौदा आहे. ठाण्यातील सर्जन तेवढाच भाग दुर्बिणीतून काढणार असतील आणि अशा गाठींचा त्यांचा अनुभव चांगला असेल, तर त्यांच्याकडे जाण्यास माझी हरकत नाही. ते उजवा भाग काढण्याचे बोलत असतील, तर मुंबईच्या सर्जनांचा मोठा छेद मी आनंदाने पत्करीन.

भाऊजींच्या रोबोटविषयी थोडक्यात. रोबोटची अवजारे मनगटासारखी वळतात आणि मागच्या कोपऱ्यात टाका घ्यायला त्यांचा उपयोग होतो, पण ती चालवणारा सर्जनच असतो, त्यामुळे वरचे सारे प्रश्न त्यालाही लागू आहेत. आरोग्य विम्यात रोबोटिक शस्त्रक्रियेला अनेकदा वेगळी, कमी मर्यादा असते, ती पॉलिसीत पाहून घ्यावी. सुईने गाठ जाळण्याचा पर्यायही आपल्याला कोणी सुचवील. तो मुख्यतः 3 सेंटीमीटरपर्यंतच्या गाठींसाठी आहे.

रुग्णालयाबद्दलही विचारपूस करावी. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की, कमी आणि जास्त मृत्यू होणाऱ्या रुग्णालयांत गुंतागुंतीचे प्रमाण जवळपास सारखेच होते. गुंतागुंत झाल्यावर रुग्णाला वाचवण्यात मात्र मोठी तफावत होती. पित्त गळू लागले तर त्याच इमारतीत स्कॅन पाहून नळी घालणारे रेडिओलॉजिस्ट आहेत का, ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेवर करायचा उपचार) होते का, रक्तपेढी आवारात आहे की माणूस पाठवावा लागतो, अतिदक्षता विभागात रात्री पूर्णवेळ तज्ज्ञ असतात का, हे पाहावे. चौथ्या दिवशी घरी येणे चांगलेच, पण पित्त गळतीचा ताप सातव्या-आठव्या दिवशीही येऊ शकतो. तेव्हा ऐरोलीचा पूल ओलांडून मुंबईत परळ गाठायचे की दहा मिनिटांवरच्या रुग्णालयात जायचे, आणि तेथे आपल्या बाबांची फाइल कोणाला माहीत असेल, हे आधीच ठरवून ठेवावे. जवळचे रुग्णालय निवडण्यामागे हे एक खरे कारण आहे, भले ते भाऊजींच्या व्हिडिओत नसो.

दोन सर्जनांत मतभेद असताना तिसरे मत घेणे हा अपमान नव्हे, तो रुग्णाचा हक्क आहे. खारघरचे अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोगाचे उपचार व संशोधन केंद्र टाटा स्मारक केंद्राचाच भाग आहे, आणि ऐरोलीहून ते परळच्या टाटा रुग्णालयापेक्षा सोयीचे पडेल. जाताना केवळ रिपोर्टचे कागद नकोत. सीटीची किंवा एमआरआयची सीडी, पहिल्या शस्त्रक्रियेची नोंद, बायोप्सीचा अहवाल आणि केमोची औषधे व तारखा सोबत न्या. रुग्णालयाने मागितल्यापासून 72 तासांत नोंदी द्याव्यात, असा वैद्यकीय परिषदेचा नियम आहे. तेथे सर्जन, कर्करोगतज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून प्रकरण पाहतात. या बैठकीचे, म्हणजे ट्यूमर बोर्डचे, मत लेखी मिळत असल्यास अवश्य मागून घ्या.

राहिले बाबा. टाक्यांची भीती खोटी नाही. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर खोकतानाही पोट धरून बसणारा माणूस ती सहज विसरत नाही. त्या शस्त्रक्रियेमुळे आत आतडी चिकटलेली असतील, त्यामुळे दुर्बिणीने सुरुवात केली तरी ती पूर्ण होईलच असे नाही, आणि संमतिपत्रावर तसे वाक्य असतेच. ते वाक्य त्यांना सहीच्या क्षणी वाचायला मिळू नये. 'दुर्बिणीने प्रयत्न करतील, पण तुमच्या जिवासाठी उघडावे लागले तर उघडतील' एवढे त्यांना घरी, जेवण झाल्यावर, शांतपणे सांगा, आणि पुढच्या भेटीला त्यांनाही सोबत घेऊन जा. बरगडीखालचा छेद दिला तरी आता पाठीतून किंवा पोटाच्या भिंतीत दिलेल्या वेदनाशामकाने पहिले दोन-तीन दिवस बरेच सुसह्य होतात, हे त्यांना भूलतज्ज्ञाच्या तोंडून ऐकू द्या. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाची भेट मागून घ्यायला कोणाचीही आडकाठी नसते.

तिसऱ्या मतासाठी आठ-दहा दिवस गेले तर सहसा बिघडत नाही. ते दिवस वाया घालवू नका. तंबाखू असेल तर आजच बंद करावी, साखर तपासून आटोक्यात आणावी, औषधांच्या दुकानात मिळणारे तीन चेंडूंचे श्वासाच्या व्यायामाचे उपकरण आणून दिवसातून चार-पाच वेळा वापरावे आणि सकाळ-संध्याकाळ अर्धा तास चालावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती कधी थांबवायची हे भूलतज्ज्ञाला विचारल्याशिवाय ठरवू नये.